दहापैकी नऊ

हलगेकर सरांच्या हातात माईक आला की लोक चपला शोधायला लागत, आणि सरांना त्याचा कधी राग आला नाही. आभार मानायला उभं राहणाऱ्या माणसाच्या नशिबात दुसरं काय असणार? अध्यक्षांचं भाषण संपलेलं असतं, मागं चहाची किटली खडखडायला लागलेली असते, पोरं खुर्च्या एकात एक घालायला सुरुवात करतात, आणि त्या गलक्यात एक माणूस उभा राहून नावं वाचत असतो. खरं केशव हलगेकर नावं वाचत नसत. चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही, सगळं तोंडपाठ. आमदारापासून मांडववाल्यापर्यंत, मानानं, क्रमानं, एकाचंही नाव न चुकता.

बेळगावपासून नंदगडपर्यंत कुठंही जा. शाळेचं संमेलन असो, पतसंस्थेचा वर्धापनदिन असो नाहीतर कुस्तीचं मैदान, "आभार कोण?" म्हटलं की "हलगेकर सर" हे ठरलेलं. बाकीचे लोक शेवटी सांभाळून घेतात, "अनवधानानं कुणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व" म्हणतात. सर ते वाक्य कधीच म्हणाले नाहीत. राहतंय कुठं नाव, असा त्यांचा तोरा. त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे: "यापुढेही आपलं असंच सहकार्य लाभो, ही अपेक्षा व्यक्त करतो आणि थांबतो." ते थांबले की सगळे उठत.

एवढा हुशार माणूस. खरं त्यालाही एक साधी गोष्ट कळली नाही, आणि त्यापायी एक पोर हातातनं जायची वेळ आली. तेच सांगायला बसलोय.

सर नंदगडच्या पुढं एका मराठी हायस्कुलात मराठी शिकवत. घर बेळगावात, शहापूरला. रोज बसनं जाऊन-येऊन. दहावीच्या निरोप समारंभात आभार मानायचा मान दरवर्षी एका विद्यार्थ्याला मिळे, आणि त्याची तयारी सर महिनाभर स्वतः घेत. दोन हजार एकवीस साली त्यांनी रचनाला निवडलं होतं. शाळेपासून सात किलोमीटर आत, रानाच्या कडेला तिची वाडी. बाप परशराम बेळगावजवळ मच्छेच्या एका कारखान्यात कामाला होता, तो कारखाना बंद पडल्यावर घरी येऊन बसलेला. आई मंगल, आणि सहावीतला धाकटा भाऊ आदर्श. पोरगी वर्गात पहिली. आवाज तर असा की मागच्या बाकावरचं पोरगंसुद्धा गप बसून ऐकणार.

समारंभाची तारीख धरली एप्रिलात, आणि दुसरी लाट आली. शाळा पुन्हा बंद. परीक्षा जूनात म्हणाले, मग पुढं ढकलली म्हणाले, मग होणार की नाही ते कुणालाच सांगता येईना. शिकवणं मोबाईलवर सुरू झालं. रचनाच्या वाडीत धड चालणारा मोबाईल एकच, शेजारच्या रवळूआण्णाचा, आणि तोही त्याच्या अंगणातल्या फणसाखाली उभं राहिलं तरच रेंज धरायचा. रवळू रोज सकाळी रानात जायच्या आधी अर्धा तास तो मोबाईल रचनाच्या हातात द्यायचा. अर्ध्या तासात काय शिकणार, कपाळ! तरी पोरगी रोज येऊन उभी राहायची.

मे महिन्याच्या सुरुवातीला एकदा तिनं सरांना फोन केला.

"सर, वाचलेलं डोस्क्यात राहत न्हाय."

"परत वाच की मग."

"लई वेळा वाचलं, सर. झोप बी लागत न्हाय. जेवण जात न्हाय. आई बोलती ते लांबनं ऐकू आल्यागत होतंय. कशातच जीव न्हाय माझा."

आता बघा, हे असं एखादं पोर आपणहून किती वेळा सांगणार? एकदा. फार तर एकदा. आणि सर काय म्हणाले?

"अगं रचना, असं बोलायचं नसतं. लोकांच्या घरात माणसं पटापट जायला लागलीत. तुझ्या घरात देवाच्या दयेनं सगळी धडधाकट आहेत. जे नाही त्याकडं बघू नको, आहे त्याचे आभार मानायला शीक. हे बघ, तुझं निरोपाचं भाषण राहिलंयच की. ते लिहून काढ. कुणी-कुणी तुझ्यासाठी काय-काय केलं ते आठव. मन हलकं होतं त्यानं."

"व्हय सर," रचना म्हणाली.

फोन ठेवून सरांना बरंच वाटलं. उपदेश करायला त्यांना कधी दम घ्यावा लागला नाही. बायकोला, पद्मजाला, त्यांनी जेवताना सांगितलंसुद्धा, "पोरीला मार्गाला लावली."

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी पद्मजाच कोरोनात सापडली. मागच्या खोलीत तिचं अंथरूण गेलं, फाटकाला लाल-पांढरी पट्टी लागली. शेजारीपाजारी, ज्यांच्या मुंजीपासून मंगळागौरीपर्यंत सरांनी आभार मानले होते, ते रस्त्याच्या पलीकडनं जायला लागले. सर पिठलंभात शिजवायचे, ताट स्टुलावर ठेवायचे, दारावर टकटक करून मागं सरकायचे. बोटाला लावायचं यंत्र पद्मजा आतनं वाचून दाखवायची. "चौऱ्याण्णव." "त्र्याण्णव." त्र्याण्णव म्हटलं की सर परत एकदा बघायला लावायचे.

अशा एका शनिवारी सकाळी साडेआठला रवळूच्या मोबाईलवरून तीन फोटो आले. वहीची तीन पानं, सुरेख अक्षर. वर लिहिलेलं: आभार. रचना परशराम.

सरांना एवढा आनंद झाला की चहा तसाच गार झाला. त्या सगळ्या मरगळीत एका तरी पोरानं सांगितलेलं काम केलं होतं! त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला बसले.

"सर्वप्रथम मी माझ्या आईचे आभार मानते. मी मोठी झाले तरी तिने रोज माझी वेणी घातली. माझ्या वडिलांचे, दादांचे आभार मानते. मच्छेहून येताना ते मला पेन आणत असत. वस्तीच्या गाडीचे कंडक्टर नागोजीमामा यांचे आभार. मी पळत येताना दिसले की ते घंटी मारायचे थांबत असत. मनुबाईआज्जीचे आभार, शाळेतून येताना तिने मला ताक दिले आणि पेला कधी विसळायला लावला नाही. रवळूआण्णांचे आभार, त्यांनी मोबाईल दिला आणि बॅटरी संपली तरी रागावले नाहीत. आमच्या चंद्री म्हशीचे आभार. मला झोप येत नाही तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसते, ती काही विचारत नाही. माझा भाऊ आदर्श याचे आभार. माझी सायकल आणि कंपासपेटी आता त्याची आहे, त्याने ती नीट वापरावी. हलगेकर सरांचे आभार, त्यांनी मला बोलायला शिकवले. सर्वांनी माझ्यासाठी खूप केले. मी कोणाच्या उपयोगी पडले नाही याबद्दल माफी असावी. सर्वांचे आभार."

सरांनी हे वाचलं, आणि जे एकोणतीस वर्षं करत आले तेच केलं. तपासलं.

फोटोवर बोटानं लाल रेघा ओढता येतात हे त्यांना लॉकडाऊनमध्येच कळलं होतं. चंद्री म्हशीवर पहिली रेघ. शेजारी टीप: "जनावरांचे आभार मानत नाहीत." नागोजी कंडक्टर, मनुबाई, रवळू, तिघांवर दुसरी रेघ: "अशी नावे मंचावरून घेत नाहीत. ज्ञात-अज्ञात सर्वांचे, यात ती येतात." सायकल आणि कंपासपेटीवर तिसरी: "हा घरगुती विषय आहे." माफीखाली: "आभारात माफी शोभत नाही." संस्थेच्या चेअरमनचं नाव नव्हतंच, ते वर बाण काढून घातलं. आणि सगळ्यात शेवटी: "'यापुढेही असेच सहकार्य लाभो' हे वाक्य राहिले. त्याशिवाय आभार पूर्ण होत नाहीत. एक गुण कापला. दहापैकी नऊ. छान! दुरुस्त करून पुन्हा लिही."

पाठवून दिलं. पाच मिनिटांत उत्तर आलं. "व्हय सर. चुकलं. बरोबर करून लिहिते."

अकराच्या सुमाराला पद्मजा उठली. चांगला पेपर मिळाला की तो बायकोला वाचून दाखवायची सरांची जुनी खोड. त्यांनी मागच्या खोलीच्या बंद दाराशी खुर्ची ओढली आणि ठसक्यात वाचलं, पहिल्यापासून, स्वतःच्या टिपांसकट. संपलं. आतनं काहीच आवाज नाही.

"झोप लागली काय परत?" सर म्हणाले.

"अहो," आतनं पद्मजा खोकत म्हणाली, "कार्यक्रम कुठला झाला?"

"कुठला म्हणजे?"

"समारंभ झालाच नाही ना? मग ही आभार कशाचे मानतेय?"

"अगं, मीच सांगितलं होतं लिहायला. मन हलकं होतं म्हणून."

"सायकल का देऊन टाकली तिनं?"

सरांनी मोबाईलकडं पाहिलं. सायकलवर त्यांची स्वतःची लाल रेघ होती.

"आभार झाले की लोक काय करतात हो?" पद्मजा दाराच्या पलीकडनं म्हणाली. तिला धाप लागली होती, एकेक शब्द तोडून येत होता. "तुम्हीच सांगता ना सगळ्यांना. आभार झाले की काय करतात?"

"उठतात," सर म्हणाले, आणि त्यांनी तिसरं पान परत उघडलं. शेवटचं वाक्य पोरगी विसरली नव्हती. वर्गात पहिली येणारी पोरगी, महिनाभर घोकलेलं वाक्य विसरेल काय? तिला पुढचं काही मागायचंच नव्हतं. आणि त्याचा यांनी एक गुण कापला होता!

रवळूचा नंबर लावला. एक बाई कन्नडमध्ये सांगायला लागली की आपण केलेला नंबर क्षेत्राच्या बाहेर आहे. परत लावला. परत तीच बाई. ते दिवस धूळवाफ पेरणीचे, पावसाच्या आधी कोरड्या रानात भात पेरायचे. अख्खी वाडी उताराखालच्या शिवारात गेलेली, आणि तिथं रेंजचं नाव नाही. परशरामचा साधा मोबाईल कधीचाच भिजून बंद पडलेला. दुसरा नंबर सरांकडं नव्हता.

मग त्यांनी त्यांची माणसं काढली. एकोणतीस वर्षं माईकवरून ज्यांची नावं मानानं घेतली ती सगळी मोबाईलमध्ये होती. चेअरमनना लावला. ते म्हणाले, "सर, मी स्वतःच सलाईनवर आहे ओ." तालुक्याच्या माजी सभापतींना लावला. ते म्हणाले, "पोरं अशी लिहितात सर, सिनेमे बघून. उद्या माणूस पाठवतो." एका पंचायत मेंबरनं विचारलं, "म्हणजे तिनं नेमकं केलंय काय?" सर म्हणाले, "आभार मानलेत." मेंबर म्हणाला, "बरं हाय की मग." एका चौकीत लावला. तिथला शिपाई शांतपणे ऐकून म्हणाला, "नोडतीनि सर." बघतो म्हणाला. त्याच्या आवाजावरनंच कळत होतं की बघायला त्याच्याकडं माणूसच नाही. गाडी मागितली तर प्रत्येक गाडी कुणाला तरी ऑक्सिजनसाठी घेऊन फिरत होती.

कुणावर चिडणार? त्या दिवसांत प्रत्येकाच्या घरात आग लागलेली. खरं सर चिडले. भिंतीवर हात आपटला. "ह्या सगळ्यांना मी हार घातलेत!" ओरडले. आतनं पद्मजा म्हणाली, "तुम्ही जा."

"तुला असं टाकून?"

"ब्याण्णव आहे. मी बघते माझं. जा म्हणते ना!"

ब्याण्णव ऐकून त्यांचा पाय निघेना. दारापाशी गेले, परत आले, परत गेले. शेवटी फाटकाची पट्टी वर उचलून स्कूटर बाहेर काढली. समोरच्या माडीवरनं कुणीतरी ओरडलं, "ओ सर, तुमचं घर बंद केलंय न्हवं?" सरांनी मागं पाहिलं नाही.

मच्छेपाशी रस्त्यावर बॅरिकेड. दोन पोलीस, उन्हानं करपलेले. सर लांबच थांबले. आपल्या घरात रोग आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि आपण त्या दोन पोरसवदा पोलिसांच्या अंगावर तो नेतोय ह्याची लाजही वाटत होती.

"पास?"

"नाही. माझी एक विद्यार्थिनी आहे, नंदगडच्या पुढं. तिच्या जिवाला धोका आहे."

"हॉस्पिटलचा कागद?"

"नाही."

"फोन आला काय तिचा? काय म्हणाली?"

आणि सरांना, हजारो माणसांपुढं न अडखळता बोलणाऱ्या हलगेकर सरांना, शब्द सुचेना. काय सांगायचं? त्यांनी मोबाईल पुढं केला. पोलिसानं मराठी पान उलटंसुलटं करून बघितलं, लाल रेघा बघितल्या, नऊचा आकडा बघितला.

"मार्क चांगले पडलेत की सर," तो म्हणाला. चेष्टा करत नव्हता बिचारा. "होग्री, मनेगे होग्री. घरी जावा. वरनं ऑर्डर हाय, आमी सोडू शकत न्हाय."

सर स्कूटर ढकलत बाजूला आले. कारखान्यांची रांग तिथनं सुरू होते. सगळे भोंगे गप्प, सगळ्या दारांना कुलपं. परशराम ह्यातल्याच कुठल्या तरी दारातनं पोरीसाठी पेन घेऊन बाहेर पडत असणार. सर एका कंपाउंडच्या सावलीला दगडावर बसले आणि ती तीन पानं पुन्हा उघडली.

तेव्हा कुठं त्यांना दिसलं. त्या पोरीच्या जवळ कोण-कोण आहे, तिच्यापर्यंत आत्ता कोण पोचू शकतं, ते सगळं त्या पानांत लिहिलेलं होतं. रवळू, मनुबाई, नागोजी. आणि नेमकी तीच नावं त्यांनी खोडली होती. मनुबाईकडं फोन नव्हता. नागोजीकडं असणार. बसा बंद म्हणून तो त्याच भागात आपल्या गावी असणार, सायकलनंसुद्धा वाडीत गेला असता. खरं नागोजीचा नंबर? बावीस वर्षं ज्याच्या गाडीतनं रोज गेले, त्याचा नंबर सरांकडं नव्हता. ज्या मंत्र्याला एकदाच हार घातला होता, त्याच्या पीएचे दोन नंबर होते.

रवळूला फोन. कन्नड बाई. रवळूला फोन. कन्नड बाई. मधनंच घरी फोन. "एक्क्याण्णव," पद्मजा म्हणाली. "मिळाला काय?" "नाही." "लावत राहा." दुपार सरली, सावली दगडावरनं पुढं गेली. पाणीसुद्धा बरोबर आणलं नव्हतं. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मधे हातात एक मोबाईल, बॅटरी बावीस टक्के. सर रडले. साठीला आलेला माणूस बंद कारखान्याच्या भिंतीला टेकून पोरासारखा हुंदके देऊन रडला, आणि बघायला कुणी नव्हतं.

साडेपाचला रिंग गेली. खरी रिंग. सरांना आधी विश्वासच बसेना.

"बोला सर! रानात गेलतो ओ..."

"रवळू, पळ! रचनाकडं पळ. काही विचारू नको. फोन बंद करू नको, पळ!"

आणि रवळू, देव त्याचं भलं करो, त्यानं खरंच काही विचारलं नाही. सरांना सगळं ऐकू येत होतं. फटफटणाऱ्या चपलांचा आवाज. कुत्रं. मनुबाईचा आवाज, "काय झालं रं रवळू?" एक दार. "मंगल! रचना कुठाय?" "आमी आत्ता येतोय रानातनं, घरातच असंल की. डोकं दुखतंय म्हणून ऱ्हायलती." दुसरं दार. मग काहीच नाही. रेंज गेली की काय म्हणून सरांनी मोबाईल कानावर एवढा दाबला की कान दुखायला लागला.

मग मंगलची किंकाळी आली. सरांनी डोळे मिटून घेतले.

"हाय सर," रवळू म्हणाला. त्याला धाप लागली होती. "हाय. गोठ्यात हाय. हाय, हाय."

"रवळू..."

"म्या हितं काय बगितलं ते फोनवर न्हाय सांगत, सर. जीव हाय, एवढं समजा." मग थोड्या वेळानं, आवाज बारीक करून, "वही घिऊन बसलीया. तुमी परत लिव म्हणाला म्हणं. तेच लिवत बसलीया सकाळधरनं. शेवटचं एक वाक्य लिवायचं ऱ्हायलंय म्हणतीया, ते काय जमंना."

फोन ठेवल्यावर सर कितीतरी वेळ उठले नाहीत. चांगली विद्यार्थिनी. सरांनी चूक काढली, तर दुरुस्त केल्याशिवाय जाणार कशी? आणि खोटं लिहिता येईना, म्हणून सकाळपासून अडकून बसली होती. त्यांच्या मूर्खपणानं ती तिथवर गेली होती आणि त्यांच्या मूर्खपणानंच थांबली होती. यात त्यांची पुण्याई एवढीसुद्धा नव्हती.

पुढं मंगलचा फोन आला चार दिवसांनी. "सर, तुमचे उपकार कसं फेडू? तुमी व्हता म्हणून माजी पोर..." सरांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी मधेच तोडलं. "नको वहिनी, हात जोडतो. माझे आभार नका मानू." तिला वाटलं, सर मोठ्या मनाचे.

मनाच्या डॉक्टरांना गाठायला आठ दिवस गेले. सगळे दवाखाने कोरोनानं भरलेले. शेवटी बेळगावातल्या एका बाईंनी फणसाखालच्या मोबाईलवर रचनाशी बोलणं केलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि सरांना वेगळं सांगितलं: वेळ लागेल. किती, ते आत्ता सांगता येणार नाही. तोवर तिला एकटी सोडू नका, आणि उपदेश करू नका. पद्मजा हळूहळू पंच्याण्णववर आली. सर रोज संध्याकाळी साडेपाचला रवळूला फोन करायला लागले. एकच प्रश्न, "हाय?" एकच उत्तर, "हाय सर." एवढंच त्यांच्या हातात होतं.

जुलैत परीक्षा झाली, दोन दिवसांची, नुसते गोल रंगवायचे. केंद्राच्या फाटकात सर ताप बघायचं यंत्र घेऊन उभे होते. पाऊस धरलेला. पोरं छत्र्या मिटत एकेक करत येत होती, तोंडावर मास्क, नुसते डोळे दिसणारे. रचना आली ती आदर्शच्या मागं सायकलवर बसून. मनगटं काडीसारखी झालेली. वेणी मात्र घट्ट घातलेली.

सरांनी यंत्र तिच्या कपाळासमोर धरलं. आकडा बघायचा राहिला.

"रचना," ते म्हणाले, "माझं चुकलं गं."

दप्तरातनं एक घडी घातलेला कागद काढून तिनं त्यांच्या हातात दिला. सरांनी उघडला. तेच भाषण, नव्यानं लिहिलेलं. चेअरमनचं नाव गेलं होतं. नागोजीमामा, मनुबाईआज्जी, रवळूआण्णा परत आले होते. चंद्री म्हैससुद्धा परत आली होती. सायकलचं वाक्य नव्हतं, माफीचं नव्हतं. सगळ्यात खाली एक ओळ कोरी सोडली होती, आणि तिच्याखाली नाव.

"ते शेवटचं वाक्य अजून येत न्हाय, सर," रचना हळूच म्हणाली. "तोंडपाठ हाय. खरं लिवायला गेलं की हात थांबतोय. आलं की लिवीन."

एकोणतीस वर्षं हजार मांडवांत न अडखळता ते वाक्य फेकणारा माणूस कागदाची घडी घालत राहिला. धीर धर म्हणावं, तर तो उपदेश झाला. येईल म्हणावं, तर ते सरांना तरी कुठं माहीत होतं? त्या पोरीच्या हातात घालण्यासारखं त्यांच्याकडं काहीच नव्हतं.

"राहू दे," सर म्हणाले. "गुण नाही कापत."

घंटा झाली. रचना आत गेली, तिसऱ्या खिडकीपाशी बसली. सर फाटकातनं तिचा घट्ट वेणी घातलेला माथा बघत राहिले. मागं पोरांची रांग थांबली होती, कुणीतरी "सर, ताप बघा की" म्हणालं, तेव्हा ते वळले.

संध्याकाळी साडेपाचला त्यांनी नेहमीप्रमाणे फोन लावला. रिंग जात राहिली. एक, दोन, पाच, सात. पद्मजा स्वयंपाकघरातनं येऊन दारात उभी राहिली. नवव्या रिंगला फोन उचलला गेला, आणि रवळूच्या आधी पलीकडनं तीच बोलली.

"हाय सर," रचना म्हणाली. "आज हाय."